ओपनडब्ल्यूआरटी घालायचंय? आधी राउटर उलटा करा

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरच्या, म्हणजे राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, जागी घालायचं मुक्त फर्मवेअर. राउटरचं नाव पुढच्या बाजूला ठळक छापलेलं असतं, पण फर्मवेअर त्या नावावरून निवडायचं नसतं. डबा उलटा करून तळाचा स्टिकर वाचा. मॉडेलच्या पुढे बारीक अक्षरांत 'व्हर्जन' किंवा नुसतं 'व्ही' आणि एक आकडा असतो, सगळं त्या आकड्यावर ठरतं. टीपी-लिंकचा आर्चर सी६ घ्या. त्याच्या युरोपातल्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची क्यूसीए९५६३ चिप आणि ८ एमबी फ्लॅश आहे, तिसरीत मीडियाटेकची एमटी७६२१ आणि १६ एमबी. नाव तेच, खोकं तसंच, आतलं यंत्र मात्र वेगळं. दुसऱ्या आवृत्तीतही युरोपची फाइल निराळी आणि अमेरिकेची निराळी. चुकीची फाइल राउटरने नाकारली तर सुटलात. स्वीकारली तर दिवे लागतील, पण डबा बोलणार नाही.

इंदूरला जेल रोडवर जुना राउटर शोधताना 'यही है, चल जाएगा' एवढं उत्तर पुरेसं मानू नका. दुकानातच उलटा करून बघा, ओपनडब्ल्यूआरटीच्या साधन-यादीत तीच आवृत्ती आहे का ते फोनवर तपासा आणि मग पैसे काढा. स्टिकर फाटलेला असेल तर तो राउटर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. यादीत दोन आकडे पाहायचे, फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा) आणि रॅम. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरांसाठी १९.०७ ही शेवटची आवृत्ती होती. ते आता भंगारात काढायचे. ८ आणि ६४ वर कसंबसं भागतं, पण जास्तीचं काही बसवायला जागा उरत नाही. नव्याने घेताना १६ आणि १२८ च्या खाली जाऊ नका.

तिसरी गोष्ट वायफायच्या चिपची. ब्रॉडकॉम असेल तर ओपनडब्ल्यूआरटीचा नाद सोडा, वायफाय अर्धवट चालतं किंवा चालतच नाही. तिथे फ्रेशटोमॅटो किंवा डीडी-डब्ल्यूआरटी ही दुसरी फर्मवेअरं बघावीत. राउटर आसुसचा असेल आणि मर्लिन या खास आसुससाठीच्या फर्मवेअरच्या यादीत असेल तर डोळे मिटून मर्लिन घाला. कंपनीच्याच फर्मवेअरवर आधारलेलं असल्याने परत जाणंही सोपं.

फायबरवाल्यांनी बसवलेला डबा मात्र यात धरू नका. फायबरची तार थेट आत जाते तो डबा कंपनीचा असतो आणि त्याची ओळख त्यांच्या यंत्रणेत नोंदलेली असते. तो आहे तसा ठेवायचा आणि त्याच्या लॅन पोर्टमधून केबल काढून आपला राउटर मागे लावायचा.

परतीची वाट आधी

राउटर बिघडल्यावर उपाय शोधायला इंटरनेट लागतं आणि नेमकं तेच बंद पडलेलं असतं. म्हणून सगळं आधी उतरवून ठेवा: कंपनीचं मूळ फर्मवेअर तुमच्याच आवृत्तीचं, ओपनडब्ल्यूआरटीच्या दोन्ही फाइली, आणि तुमच्या मॉडेलच्या पानावरची राउटर परत जिवंत करण्याची रीत. मूळ सेटिंगमधल्या वॅन, म्हणजे बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या, पानाचा फोटो काढा. पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करायचं, युजरनेम, पासवर्ड आणि असल्यास व्हीलॅनचा आकडा त्यात यायला हवा. पासवर्ड ठिपक्यांत दिसत असेल तर केबलवाल्याकडून आधीच मागून घ्या, नंतर तो फोन उचलेलच असं नाही.

दोन फाइलींपैकी नावात 'फॅक्टरी' असलेली पहिल्यांदा घालायची, कंपनीच्या पानावरून. 'सिसअपग्रेड' नंतरची, ओपनडब्ल्यूआरटीवरून ओपनडब्ल्यूआरटीवर जाताना. 'स्नॅपशॉट' घेऊ नका, त्यात लुसी, म्हणजे ब्राउझरमधून चालवायचं पान, नसतं आणि काळ्या पडद्यावर अडकायला होतं. फाइल उतरल्यावर पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' चालवा आणि आलेला आकडा पानावरच्या शा-२५६ आकड्याशी, म्हणजे फाइलच्या ओळखखुणेशी, जुळवा. सुरुवातीची आणि शेवटची आठ-आठ अक्षरं जुळली की पुरे.

काम लॅन केबलवरच करायचं, वायफायवर कधीच नाही. लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवा. आणि वीज! पावसाळ्यात लोकमान्य नगरात काय नि राजेंद्र नगरात काय, दिवे डोळा मारतातच. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या किंवा मिनी यूपीएस लावा, पण ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर त्याच्याशी जुळतात ना ते बघून.

घालताना

केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये, वॅन रिकामा. टीपी-लिंकचं पान बहुधा १९२.१६८.०.१ वर उघडतं. फर्मवेअर अपग्रेडमध्ये फॅक्टरी फाइल द्या. काही राउटरांना लांबलचक नाव झेपत नाही आणि 'चुकीची फाइल' असा संदेश येतो. अशा वेळी फाइलचं नाव छोटं करून पुन्हा द्या. तरीही नाकारली तर जबरदस्ती करू नका, स्टिकर पुन्हा वाचा.

तीन ते पाच मिनिटं लागतात, म्हणजे पोह्यांना वाफ बसायला लागतो तेवढा वेळ. टक्केवारीची पट्टी मध्येच थांबल्यासारखी दिसते, कारण राउटरचा पत्ता बदललेला असतो आणि जुनं पान कुणाशी बोलणार? प्लग काढायचा नाही. पाच मिनिटांनी केबल काढून पुन्हा लावा आणि १९२.१६८.१.१ उघडा. युजर रूट, पासवर्ड रिकामा. पहिलं काम पासवर्ड घालणं.

वायफाय दिसत नाही म्हणून घाबरू नका, ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ते मुळात बंदच येतं. चालू करण्याआधी देश भारत निवडा. देश न निवडता ५ गिगाहर्ट्झ लावलं तर ते बऱ्याचदा उठतच नाही. चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचं घ्या. ५२ ते १४४ मध्ये रडार आहे का ते ऐकण्यासाठी राउटर निदान मिनिटभर गप्प बसतो आणि लोकांना वाटतं, बिघडला. २.४ वर १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. सुरक्षेला डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा. जुना प्रिंटर जोडला जात नसेल तर २.४ वर नुसतं डब्ल्यूपीए२.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे: वायफाय जोडलंय, इंटरनेट नाही. फायबरचा डबाही १९२.१६८.१.१ वर आणि आपला राउटरही त्याच पत्त्यावर. दोन्ही बाजूंना पत्त्यांचा एकच मोहल्ला असल्यावर पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, कुठे टाकायचं हे राउटरला कळत नाही. लॅनचा पत्ता १९२.१६८.१०.१ करा, सेव्ह करा आणि नव्वद सेकंदांच्या आत नव्या पत्त्यावर पान उघडा, नाहीतर बदल आपोआप मागे जातो.

मग लगेच, विसरण्याआधी, बॅकअपच्या पानावरून 'फॅक्टरी' किंवा 'एआरटी' नावाचा विभाग उतरवून घ्या. नावाने फसू नका, तो मूळ फर्मवेअर नाही. त्यात तुमच्याच राउटरच्या वायफायची जुळणी असते, बऱ्याच मॉडेलांत मॅक पत्तेही असतात. तो पुसला गेला तर इंटरनेटवर कुठेही मिळत नाही. फाइल पेनड्राइव्हवर आणि स्वतःला मेलवर, दोन्हीकडे ठेवा.

एवढा खटाटोप कशासाठी, तर एसक्यूएमसाठी, म्हणजे डेटाची रांग नीट लावणाऱ्या सोयीसाठी. घरात कुणी मोठी फाइल चढवत असताना दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडकू नये म्हणून. 'लुसी-ॲप-एसक्यूएम' बसवा, पद्धत केक, आणि वेग मोजून त्याच्या ८५ ते ९५ टक्के आकडा भरा. लिंक लेयरमध्ये इथरनेट, ओव्हरहेड ४४. फ्लो ऑफलोडिंग (वेगासाठीचा आडमार्ग) मात्र बंद ठेवा, ते चालू असेल तर पाकिटं एसक्यूएमला वळसा घालून निघून जातात. १०० एमबीपीएसच्या प्लॅनला एमटी७६२१ पुरते. त्याच्या तिपटीला धाप लागते, मग वेगच कमी दिसतो.

फर्मवेअर बदलून वायफाय लांब जात नाही, हेही सांगून ठेवायला हवं. रामबाग, नारायणबागेकडच्या जुन्या घरांतल्या जाड भिंतींना उपाय एकच: दुसरा राउटर केबलने लॅन ते लॅन जोडायचा, त्याचं डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणं, बंद करायचं आणि त्याला त्याच मोहल्ल्यातला दुसरा पत्ता द्यायचा.

बिघडला तर

सेटिंग चुकलं असेल आणि राउटर चालू असेल, तर रिसेट दहा सेकंद दाबा. नीट चालूच होत नसेल तर फेलसेफ, म्हणजे अडचणीतली किमान अवस्था: वीज द्या, दिवा भराभर लुकलुकू लागला की बटण दाबा. लॅपटॉपला १९२.१६८.१.२ पत्ता हाताने देऊन एसएसएचने (आज्ञा टाइप करून दुरून चालवायच्या सोयीने) रूट म्हणून आत शिरा आणि 'फर्स्टबूट' ही आज्ञा द्या.

तेही जमलं नाही तर टीएफटीपी, म्हणजे केबलवरून फाइल देण्याची साधी पद्धत; त्यासाठी लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर चालवावा लागतो. बरेच टीपी-लिंक रिसेट दाबून चालू केले की १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरून फाइल मागतात. तो पत्ता लॅपटॉपला द्या, फाइलचं नाव मॉडेलच्या पानावर असेल तसंच्या तसं ठेवा आणि विंडोजची फायरवॉल बंद करा. सगळं बरोबर असून फाइल जात नसेल, तर राउटर चालू होताना केबलची लिंक तुटते आणि विंडोज ती उठवेपर्यंत राउटर मागून थकलेला असतो. मध्ये एखादा साधा स्विच टाका, लॅपटॉपची लिंक तुटतच नाही.

शेवटचा मार्ग डबा उघडून सीरियलचा. यूएसबी-टीटीएल अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच, ५ व्होल्टने चिप जळते. जोडायच्या तीनच तारा: ग्राउंड, टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची), आणि टीएक्स-आरएक्स उलटसुलट. पॉवरची चौथी तार लोंबकळत राहू द्या. वेग बहुधा ११५२००. कचरा अक्षरं दिसली तर ५७६०० करून बघा.