उन्हाने भाजलेली कातडी: या चुका टाळा

तारकर्लीला किंवा गुहागरला दुपारभर वाळूत खेळलेल्या पोराची पाठ घरी येताना जेमतेम गुलाबी दिसते. खरी लाली आणि आग 3 ते 5 तासांनी वर येते, दुसऱ्या दिवशी ती सर्वांत जास्त असते. म्हणून ‘एवढं काही नाही’ म्हणत तसंच झोपवू नका.

सगळ्यात मोठी चूक तेलाची. खोबरेल, तूप, कोकमाचं मुठेल (त्याच्या बियांचं घट्ट तेल) आपल्याकडे हाताशीच असतं, आणि आजी प्रेमाने चोळायला बसते. पण ताज्या भाजलेल्या कातडीतली उष्णता तेलाच्या थराखाली कोंडते. आधी मीठ आणि वाळू गोड्या पाण्याने धुवा. मग विहिरीच्या पाण्यात भिजवलेला सुती पंचा 10-15 मिनिटं पाठीवर ठेवा, दिवसातून तीन-चारदा. बर्फ नको, त्याने दुखावलेली कातडी आणखी दुखावते. अंग टिपून घ्या, घासू नका. ओलसर कातडीवर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा. मुठेल खरंच गुणाचं आहे, पण आग शमून पापुद्रे निघू लागले की मगच.

लिंबू तर अजिबात चोळू नका. त्याचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर नवे फोड आणि महिनोन्महिने न जाणारे काळे डाग येतात. टूथपेस्टही नको. कोरफड चालते, मात्र पात कापल्यावर निथळणारा पिवळा चीक आधी धुऊन काढा, तो खाजतो.

एप्रिल-मे महिन्यात आणखी एक गफलत होते. ओल्या काजूचा किंवा आंब्याचा चीक लागूनही कातडी भाजते. ओठाशी किंवा बोटांवरच डाग असतील तर उन्हाला दोष देण्याआधी पोराला विचारा.

फोड फोडू नका. शहाळं, ताक, मीठ घातलेलं कोकम सरबत देत राहा. मुलांना ॲस्पिरिन नको. दुखत असेल तर वयाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या.

लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) डॉक्सिसायक्लिन चालू असलेल्यांनी विशेष जपावं, त्या गोळ्यांनी कातडी उन्हाला लवकर भाजते. गोळी बंद करू नका, अंग झाका.

ताप, हुडहुडी, उलट्या, भोवळ किंवा मोठे फोड दिसले, किंवा वर्षाच्या आतलं बाळ भाजलं, तर घरचे उपाय थांबवून थेट आरोग्य केंद्र गाठा.