परफ्युमरचा हात ओळखायला कसं शिकायचं

परफ्युमचं वेड लागलं की आपण ब्रँड पाठ करतो, डिऑरचा हा, गेर्लाँचा तो, पण तो वास रचणारा माणूस वेगळाच असतो आणि त्याचं नाव बाटलीवर जवळपास कधीच नसतं. फ्रेदेरिक मालने २००० मध्ये आपल्या परफ्युम ब्रँडच्या बाटलीवर परफ्युमरचं नाव छापायला सुरुवात केली, तोपर्यंत ही मंडळी पडद्यामागेच होती. मला मनापासून वाटतं की ब्रँड सोडून या माणसांच्या मागे लागलं तर नाक खूप लवकर तयार होतं, कारण स्वयंपाकात जशी हाताची चव असते तसा इथेही हात असतो, आणि तो पकडता येतो.

पद्धत एकच, जोडीने वास घ्यायचा. एक परफ्युमर निवडा, त्याचे किंवा तिचे दोन परफ्युम घ्या, शक्यतो मध्ये बरीच वर्षं गेलेले किंवा स्वभावाने एकदम उलटे. कोणी काय बनवलंय ते फ्रॅग्रँटिका या परफ्युमच्या वेबसाइटवर सापडतं. पूर्ण बाटली घेऊ नका हो, २ मिलीचे डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढलेले नमुने, पुरतात, सोबत कागदी ब्लॉटर, म्हणजे वास घ्यायच्या पट्ट्या, आणि एक वही. ब्लॉटरवर आधी नाव आणि वेळ लिहा मग स्प्रे करा, लगेच एकदा, २० मिनिटांनी एकदा आणि ४ तासांनी एकदा वास घ्या, आणि शिकताना एका बैठकीत दोनच, तिसरा अजिबात नको. नाक थकलं की कॉफीच्या बिया हुंगत बसू नका, बाहेर मोकळ्या हवेत जाऊन या नाहीतर स्वतःच्या कोपराचा वास घ्या. आणि हे सकाळी करा, घरात फोडणी पडायच्या आधी, उन्हाळ्यात तर नक्कीच, कारण मे महिन्याच्या उकाड्यात वरचा लिंबूवर्गीय भाग बघता बघता उडून जातो आणि तुम्हाला अर्धीच गोष्ट कळते.

सुरुवात एदमाँ रुदनित्स्कापासून करा. १९४४ चा रोशासचा फाम आणि १९६६ चा डिऑरचा ओ सोव्हाज. फाम म्हणजे पिकलेलं फळ, मसाले, सगळं दाट, भरगच्च. ओ सोव्हाजमध्ये तोच माणूस लिंबू, रोजमेरी, तुळशीच्या जातीचं बेझिल असं मोजकंच घेतो आणि त्यात हेडिओन घालतो, म्हणजे फर्मेनिशच्या लॅबमधून आलेला, चमेलीच्या वासाचा फक्त हलका हवेशीर भाग वाटावा असा रेणू. त्यानंतर हेडिओन इतक्या परफ्युममध्ये गेलं की आज ते नसलेला शोधावा लागेल. २० मिनिटांनी वास घ्याल तेव्हा लिंबू खाली बसलेलं असतं आणि तरी एक मोकळेपणा राहतो, तो लक्षात ठेवा, तेच हेडिओन. पण एक सावधगिरी, आज दुकानात मिळणारा फाम १९८९ मध्ये ऑलिव्हिए क्रेस्पने नव्याने बांधलेला आहे, त्यात जिरं जाणवतं आणि आपल्या नाकाला तर ते लगेच सापडतं, ते रुदनित्स्काच्या खात्यात लिहू नका.

हा फॉर्म्युला बदलण्याचा प्रकार सगळीकडेच आहे. जाक गेर्लाँचा १९१९ चा मित्सुको घ्या, पीच आणि ओकमॉस यांचा तो अफाट मेळ, पण ओकमॉसवर ॲलर्जीमुळे बंधनं आली आणि मित्सुको परत परत बदलावा लागला. (ओकमॉस हे झाडावरचं शैवाक, आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूलही शैवाकच, डब्यातलं चिमूटभर हातावर चोळून बघा, मित्सुकोच्या तळाशी काय आहे त्याचा अंदाज येतो.) जुने मूळ फॉर्म्युले जपणारी ऑस्मोथेक नावाची संस्था व्हर्सायला आहे, १९९० पासून, कधी तिकडे जाणं झालं तर चुकवू नका.

दुसरी जोडी माझी सगळ्यात आवडती, जर्मेन सेलिए. पुरुषांनी भरलेल्या त्या काळात या बाईने रोबेर पिगे या ब्रँडसाठी १९४४ मध्ये बाँदी केला, कडू, हिरवा, चामड्याचा, आणि १९४८ मध्ये फ्राका, म्हणजे निशिगंधाचा अक्षरशः पूर. आपल्याला निशिगंध हारातून, लग्नाच्या मांडवातून माहीतच आहे, म्हणून फ्राकासोबत ताजी निशिगंधाची एक काडी ठेवा आणि आलटून पालटून हुंगा, खऱ्या फुलातला थोडा हिरवा कच्चेपणा कुठे गेला आणि लोण्यासारखा गुळगुळीतपणा कुठून आला ते बघा. दोन्ही परफ्युम वरवर एकमेकांचे कोणीच लागत नाहीत, पण दोन्हींत एकच गोष्ट निवडून ती पूर्ण ताकदीने वाढवलेली आहे, भीडभाड नाही. १९४७ च्या बालमँच्या व्हाँ व्हेरमध्येही तिने तेच केलं, गाल्बानम भरभरून घातलं, आणि गाल्बानम हा आपल्या हिंगाच्याच कुळातल्या झाडाचा चीक.

मग झाँ-क्लोद एलेना. १९७६ चा व्हान क्लीफचा फर्स्ट फुलांनी गच्च, आणि बरोबर ३० वर्षांनी एर्मेसचा तेर द'एर्मेस, संत्रं, मिरी, वाळा आणि भरपूर रिकामी जागा. उन्हाळ्यात माठात वाळा टाकणाऱ्या घरातला कोणीही चार तासांनंतरचा ब्लॉटर हुंगून वाळा ओळखेल.

तीन जोड्या झाल्या की परीक्षा घ्या. घरातल्या कोणाला तरी चार ब्लॉटर तयार करायला सांगा, नावं मागच्या बाजूला, दोन एकाच परफ्युमरचे आणि दोन इतरांचे, तुम्ही फक्त जोडी लावायची. नुसतं बरोबर आलं म्हणून खूश होऊ नका, का जोडी लावली ते वहीत एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. ते जमलं की पुढे सोफिया ग्रॉइसमन घ्या, सेंट लॉरँचा पॅरिस १९८३ चा आणि लँकोमचा त्रेझोर १९९० चा, दोन्हींत गुलाब आहे, त्यामुळे फरक शोधायला नाक खरंच ताणावं लागतं.