टोनी ॲडम्सची ऑफसाइड रेषा: दोरी धरून चौघांना कशी शिकवावी

आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या जुन्या बचावफळीची नक्कल करायची म्हटलं की मुलं सगळ्यात आधी हात वर करायला शिकतात. कर्णधार टोनी ॲडम्सचा ऑफसाइड मागणारा तो उंचावलेला हात प्रसिद्धच आहे, पण शिकवायचा तो सगळ्यात शेवटी. पास निघताना आघाडीपटू बचावफळीच्या पलीकडे, गोलच्या जवळ असला तर तो ऑफसाइड; चौघांची रेषा एकदम पुढे सरकवून त्याला तसं पकडायचं, हाच सापळा. आधी चौघांमधलं अंतर बसायला हवं आणि समोरच्याच्या पायातल्या चेंडूवर दबाव हवा. १९९०-९१ मध्ये आर्सेनलनं लीगच्या ३८ सामन्यांत फक्त १८ गोल खाल्ले आणि एकच सामना हरला. लीगचं ते विजेतेपद डिक्सन, बोल्ड, ॲडम्स आणि विंटरबर्न यांनी तोंडपाठ केलेल्या अंतरांचंही होतं. ॲडम्स काही वेगवान नव्हता, हे लक्षात ठेवलं तर आपल्या मुलांनाही जमेल असा भरवसा वाटतो.

चौघांना दोरी धरायला लावून एकत्र सरकवायची ही पद्धत मॅनेजर जॉर्ज ग्रॅहम यांच्या सरावातली म्हणून सांगितली जाते. लागतं फार थोडं: करंगळीएवढी जाड सुती दोरी, २८ मीटर. दोन खेळाडूंत ८ मीटर धरले तर तीन अंतरांचे २४ झाले, उरलेली गाठींसाठी. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ६ मीटरचं अंतर पुरे, त्यांना २२ मीटर दोरी घ्या. धरायच्या चार जागी गाठ मारून रंगीत चिंधी बांधा. नायलॉन नको, एकानं हिसका दिला की दुसऱ्याचा तळहात सोलवटतो. आणि दोरी कमरेला कधीच बांधू नये. मुठीत धरावी, म्हणजे कोणी पडला तर ती सुटते.

बडोद्यात मैदान आधी पायी फिरून बघावं लागतं. उत्तरायणानंतर बरेच दिवस गवतात मांजा अडकलेला असतो, आणि नवरात्रात गरब्यासाठी दिलेल्या मैदानांवर मंडपाच्या खांबांचे खड्डे राहतात. मागे मागे धावणाऱ्या बचावपटूला खड्डा दिसत नाही, घोटा तिथेच मुरगळतो. उन्हाळ्यात साडेसहाला सुरुवात करून आठच्या आत उरकावं.

पहिली दहा मिनिटं नुसतं चालायचं. प्रशिक्षकानं चेंडू हातात घेऊन डावीकडे-उजवीकडे फिरावं, चौघांनी दोरी ताणलेली ठेवून त्याच बाजूला सरकावं. दोरी लोंबली तर दोघं एकमेकांजवळ आले, हातातून निसटली तर कोणीतरी मागे राहिला. मैदान साधारण ६८ मीटर रुंद आणि रेषा २४ मीटरची, म्हणजे लांबची बाजू मोकळी राहणारच. राहू द्या. चेंडू तिथे पोचेपर्यंत सरकायला वेळ मिळतो. या मोकळ्या बाजूच्या भीतीनं पलीकडचा फुलबॅक (कडेचा बचावपटू) कडेला चिकटून उभा राहतो आणि मधोमध भगदाड पडतं. चेंडू कडेला गेला की त्या बाजूच्या फुलबॅकनं दोरी सोडून चेंडूवर जावं, उरलेल्या तिघांनी त्याच्याकडे सरकावं.

आता पुढे-मागे. समोरच्यानं मान खाली घातली, पाठ केली किंवा चेंडू मागे दिला, तर रेषा चार-पाच पावलं वर, म्हणजे समोरच्या गोलकडे. त्याची मान वर आहे आणि अंगावर कोणी नाही, तर लगेच मागे, कारण तो बचावफळीच्या पाठीमागे लांब पास टाकणारच. ऑफसाइडचे बहुतेक सापळे फसतात ते इथेच: मधल्या फळीनं दबाव टाकलेला नसतो आणि तरी रेषा वर जाते. हाक एकानंच द्यायची, ‘अप’ आणि ‘ड्रॉप’, दोनच शब्द. दोन सेंटरबॅकपैकी (मधल्या बचावपटूंपैकी) ज्याला खेळ आधी कळतो त्याला हे काम द्या, जास्त धावणाऱ्याला नव्हे. ॲडम्स १९८८ च्या जानेवारीत, वयाच्या २१ व्या वर्षी कर्णधार झाला आणि २००२ मध्ये निवृत्त होईपर्यंत राहिला, म्हणजे इतकी वर्षं आवाज एकच.

जुन्या चित्रफिती दाखवताना नियम बदललेत हे मुलांना सांगायलाच हवं. १९९० पर्यंत शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीला असलेला आघाडीपटू ऑफसाइड धरत, त्यानंतर बरोबरी चालते. १९९२ पासून आपल्या खेळाडूनं मुद्दाम पायानं मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येत नाही, त्यामुळे मागचा पास गोलच्या चौकटीबाहेरच्या बाजूला द्यायची सवय लावावी. आणि आज नुसतं ऑफसाइड जागी उभं राहणं हा गुन्हा नाही. एक आघाडीपटू मुद्दाम पुढे उभा राहून लक्ष वेधतो, चेंडू मात्र मागून धावत आलेल्या मधल्या फळीतल्या खेळाडूला मिळतो. त्या धावणाऱ्याला कोण धरणार, हे सामन्याआधी ठरलेलं हवं. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवर ऑफसाइड नसतोच, तिथे रेषेचा हट्ट सोडून माणूस धरावा.

गल्ली-स्पर्धेत ऑफसाइड दाखवायचा झेंडा बहुतेक वेळा समोरच्या संघाच्या राखीव पोराच्या हातात असतो. तिथे सापळा लावणं शुद्ध वेडेपणा. रेषा पेनल्टी बॉक्सच्या जरा पुढे ठेवून खेळावं. रेषा वर असताना मात्र गोलरक्षकानं बॉक्सच्या कडेपर्यंत यायला हवं. तो गोलरेषेवर उभा राहिला तर पाठीमागचा प्रत्येक लांब पास धोक्याचा.

दोरीचा सराव एका वेळी वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नको, मुलं कंटाळतात. तिसऱ्या आठवड्यापासून दोरी काढून चार बचावपटूंविरुद्ध सहा जण खेळवा. मध्येच शिट्टी मारून सगळ्यांना जागच्या जागी थांबवा आणि अंतरं पावलांनी मोजा. दहा-अकरा पावलांच्या वर गेलेली दिसली तर त्या जोडीच्या हातात पुन्हा दोरी द्या.