घरात एकाला फ्लू झाला, तर बाकीच्यांना कसं वाचवायचं

आपल्याकडे फ्लूचे दोन मोसम असतात. पहिला पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरा थंडीत, जानेवारी ते मार्च. पावसाळ्याच्या मोसमातच खान्देशातल्या कानबाई देवीचा सण येतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी सुरत, नाशिक, मुंबईहून भाऊबंद गावी जमतात, एकाच खोलीत रात्रभर जागरण होतं. त्यात एक जण तापलेला असला तरी पुरे. थंडीतली शेतातली भरीत पार्टी त्या मानाने बरी, कारण मोकळ्या हवेत खोकल्याचे थेंब विरून जातात.

विषाणू ताप येण्याच्या एक दिवस आधीपासून पसरू लागतो. पहिले तीन-चार दिवस तो सर्वांत जास्त पसरतो, पण एकूण पसरत राहतो तो मोठ्यांमध्ये पाच ते सात दिवस, लहान मुलांमध्ये त्याहूनही जास्त. म्हणून कणकण, अंगदुखी आणि कोरडा खोकला एकदम सुरू झाला, की "उद्या बघू" म्हणू नका. त्याच दिवशी खाट वेगळी करा.

दोनच खोल्या असतील तर आजाऱ्याला खिडकीजवळ झोपवा आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी उघडी ठेवा. हवा एकीकडून येऊन दुसरीकडून बाहेर गेली पाहिजे. थंडी वाजते म्हणून सगळं बंद करण्याची चूक बहुतेक घरांत होते. त्यापेक्षा एक गोधडी जास्त द्या. दुसऱ्याची खाट किमान एक मीटर, जमलं तर दोन मीटर लांब हवी. एवढी जागा नसेल तर डोक्याकडे पाय करून झोपा. आश्रमशाळेच्या वसतिगृहातही हाच उपाय चालतो.

मास्क आधी आजाऱ्याने लावायचा. तीन पदरी, नाकावरून हनुवटीपर्यंत, आणि ओला झाला की लगेच बदलायचा. खांद्यावरच्या रुमालात खोकून त्याच रुमालाने हात पुसले, तर सगळं हाताला लागतं. रुमाल हाताशी नसेल तर कोपरात खोका. देखभाल एकानेच करावी आणि तो माणूस गरोदर, दमेकरी, मधुमेही किंवा साठीपुढचा नसावा. माठात थेट पेला बुडवू नका, ओगराळं वापरा, आणि आजाऱ्याचा पेला वेगळा ठेवा. एकाने मळलेली तंबाखू तिघांनी तोंडात टाकणं या दिवसांत पूर्ण बंद.

हात साबणाने 20 सेकंद धुवा. नखं आणि अंगठे हमखास राहून जातात. गुळगुळीत टणक वस्तूंवर विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो, म्हणून मोबाइल, दाराची कडी, नळ आणि मोटारसायकलची मूठ पुसत जा. कडी, नळ, फरशी यांसाठी एक लिटर पाण्यात 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं (ब्लीचचं) 20 मिली द्रावण टाका. आधी साबणाने मळ काढा, मग हे पाणी लावून दहा मिनिटं राहू द्या. पाणी रोज ताजं करा. त्यात संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. मोबाइलला हे पाणी लावू नका, तो सॅनिटायझरच्या ओलसर कापडाने पुसा.

प्रसार हमखास कुठून होतो? सकाळी पॅरासिटामॉल देऊन मुलाला शाळेत पाठवण्यातून. गोळीने ताप दबतो, विषाणू जात नाही. गोळी न घेता सलग 24 तास ताप नसेल, तरच शाळा, जिनिंग (कापसाचा कारखाना) किंवा केळीच्या बागेतलं काम. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसावंच लागलं, तर काच खाली करा. अँटिबायोटिकने फ्लू बरा होत नाही. मुलांना अ‍ॅस्पिरिन तर देऊच नका.

लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. ती पावसाळ्याआधी, मे-जूनपर्यंत घेतलेली बरी, कारण संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. सहा महिन्यांवरच्या बाळालाही देता येते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारून ती जरूर घ्यावी.

धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर झाले, भान हरपू लागलं, बाळ दूध पीत नसेल किंवा उतरलेला ताप परत चढला, तर घरी थांबू नका, 108 ला फोन करा. फ्लूवरचं औषध आजार सुरू झाल्यापासून 48 तासांत सुरू केलं तर जास्त लागू पडतं. म्हणून घरात गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ आजारी पडलं, तर पहिल्याच दिवशी दवाखाना गाठा.