मातीच्या बंधाऱ्याची गळती: बुजवायला धावू नका

दिंडोरीकडे द्राक्षबागेसाठी बांधलेला आमचा मातीचा बंधारा आहे, उंची जेमतेम ४ मीटर. धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे, पण तो १५ मीटरच्या वरच्या धरणांना, आणि काही अटी बसल्या तर १० ते १५ मीटरवाल्यांना. आपल्या बांधावर कुणी साहेब येणार नाही, बघायचं आपणच.

मे महिन्यात बांधावरची झुडपं काढा, घुशीची आणि खेकड्यांची बिळं खणून ओली माती थराथराने ठोकून भरा.

सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, मोकळा ठेवा. मासे धरायला लावलेली जाळी काढून फेका, कुणाचीही असो. आणि सांडव्यावर गोण्या रचून फूटभर पाणी जास्त अडवायचा शहाणपणा करू नका, मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो कापला जातो.

आता गळती. थोडा पाझर प्रत्येक मातीच्या बांधाला असतो, त्याला घाबरायचं नाही. बिसलेरीच्या बाटलीत ते पाणी धरा आणि दहा मिनिटं ठेवा. नितळ राहिलं तर ठीक, तळाला माती बसली तर बांध आतून पोखरला जातोय. मला हे माहीत नव्हतं. बांधाच्या पायथ्याशी मनगटाएवढी धार दिसली आणि मी कुणाच्यातरी सांगण्यावरून काळी माती भरलेली गोणपाटं त्यावर दाबली, वर उभं राहून पायाने तुडवली सुद्धा, धार थांबली म्हणून खूश होऊन जेवायला गेलो, परत येतो तर पाच फुटांवर दुसरीकडून चहासारखं पाणी उसळतंय. कोंडलेलं पाणी वाट शोधणारच ना. तेव्हा खालच्या बाजूने माती, सिमेंट, प्लास्टिक काहीही लावू नका, कोणी कितीही छातीठोक सांगू दे.

करायचं ते उलटं गाळण. आधी अर्धा फूट भरड वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, वरून दगड, आणि हे सगळं गळतीच्या जागेपेक्षा चांगलं ऐसपैस. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. धारेचा जोर इतका असेल की वाळू वाहून जाते, तर आधी खडी टाकून जोर मोडा, मग वाळूपासून नीट सुरू करा. वाळू पावसाळ्याआधीच बांधाजवळ आणून ठेवा, जुलैच्या चिखलात ट्रॅक्टर तिथवर जात नाही.

सोबत पंप लावून तळ्याची पातळी उतरवा. बांध फोडून पाणी काढू नका, ती फट मग तुमच्या हातात राहत नाही.

२ जुलै २०१९ ला चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि त्यावरून सगळ्यांनी जोक केले, पण गावकरी गळतीची तक्रार आधीपासून करत होते.

गाळण झालं की दर आठवड्याला बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाण्याच्या पातळीसोबत वहीत लिहा. पातळी तीच आणि बादली लवकर भरायला लागली, किंवा पाणी गढूळ झालं, तर रात्र असली तरी ओढ्याच्या खालच्या वस्तीला उठवा. आमच्याकडे तिथे रेंज नसते, म्हणून मी चालतच जातो.