मे महिन्यात पावसाळी गटार वाहतंय? या चुका टाळा

मुंबईत जमिनीखाली दोन वेगळी जाळी आहेत. पावसाचं पाणी पर्जन्यजल वाहिन्यांतून थेट खाडीत किंवा समुद्रात जातं, मैलापाणी मलवाहिन्यांतून प्रक्रिया केंद्राकडे. या दोन्हींची गल्लत झाली की खर्च दोन्हीकडे वाढतो, आणि ही गल्लत बहुतेक वेळा आपल्याच आवारात सुरू होते.

डागडुजीत प्लंबर हाताशी येईल त्या गटाराला मोरीचा किंवा संडासाचा पाइप जोडून मोकळा होतो. ओळखायचं कसं? भर उन्हाळ्यात पावसाळी गटाराचं झाकण उचलून बघा. काळपट पाणी, साबणाचा फेस, वास असला तर बहुधा चोरजोडणी आहे. मग एकेका विंगच्या संडासात रंग टाकून फ्लश करा आणि एकाला झाकणापाशी उभं करा. रंग दिसला की पाइप सापडला. हे पाच-दहा रुपयांच्या रंगाचं काम. त्याउलट, नाल्यातल्या सांडपाण्यावर जागच्या जागी उपाय केला नाही, तर दर नाल्यामागे महिना ५ लाख रुपये भरपाई, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ठरवलं. भरणार कोण? महापालिका, म्हणजे तुम्ही-आम्हीच.

उलटी चूक पावसात होते. अंगणात पाणी साचलं की मलवाहिनीचं मॅनहोल उघडायचं! गाळ, प्लास्टिक सगळं आत, आणि प्रक्रिया केंद्रावर नको तो भार. माणूस आत पडून जीव जातो, ते वेगळंच.

आवारभर पेव्हर ब्लॉक बसवण्याची हौसही महागात पडते, कारण पाणी जमिनीत जिरत नाही, सगळं गटारात जातं. १,००० चौरस मीटरवर तासाला ५० मिमी पाऊस म्हणजे ५०,००० लिटर, दहा हजारांचे पाच टँकर. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिमी पाऊस धरून बांधलेली होती, तीही निम्मं पाणी जमिनीत जिरेल या हिशेबाने.

नालेसफाईत गाळ काठावरच सोडला, तर पहिल्या सरीला तो परत आत. फोटो काढायचाच, तर गाळ उचलल्यानंतरचा काढा.

पाणी तुंबलं की तक्रारीआधी भरतीचं कोष्टक बघा. शहराच्या १८६ पातमुखांपैकी (गटारं जिथे समुद्रात किंवा खाडीत उघडतात ती तोंडं) फक्त ६ भरतीच्या पातळीच्या वर आहेत. भरतीला पाणी थांबणारच, तिथे पंपच लागतो. ओहोटीलाही हलत नसेल, तर गाळ किंवा अडथळा आहे. तक्रारीत ती वेळ लिहा.