फॉरमॅट झालेल्या डिस्कमधून फायली काढताना वेळ नेमका कुठे जातो

भाऊजींचा फोन आला तेव्हा रिकव्हरी सुरू होऊन सहा तास झाले होते आणि पट्टी ३१ टक्क्यांवर होती. पेनड्राइव्ह समजून त्यांनी १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क फॉरमॅट केली होती, आणि ताईचे दहा वर्षांचे फोटो त्याच डिस्कवर होते. त्यांचा प्रश्न एकच: "यापेक्षा फास्ट सॉफ्टवेअर कुठलं?"

असला प्रश्न आला की मी आधी सॉफ्टवेअरचं नाव नाही, वायर कुठली लावली ते विचारते. त्यांनी फोटो काढून पाठवला. डिस्कला फोनची चार्जिंग केबल लावलेली! अशा बऱ्याच पोर्टेबल डिस्कचं तोंड दोन भागांचं, रुंद असतं. त्यातल्या मोठ्या भागात फोनची जुनी मायक्रो यूएसबी पिन बेमालूम बसते, डिस्कचा दिवा लागतो, फायली दिसतात, सगळं चालतं. फक्त चालतं यूएसबी २.० च्या वेगाने. म्हणजे कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, पण हातात पडतात ३० ते ४० एमबी. १ टीबी म्हणजे साधारण दहा लाख एमबी. ३५ ने भागा, आठ तास होतात. तीच डिस्क तिच्या स्वतःच्या रुंद केबलने यूएसबी ३.० पोर्टला लावली आणि सेकंदाला १२० एमबी मिळाले, तर सव्वादोन-अडीच तासांत अख्खी वाचून होते. शिवाय भाऊजी सापडलेल्या फायली ज्या दुसऱ्या डिस्कवर उतरवत होते, तीही त्याच यूएसबी हबवर, म्हणजे एका पोर्टातून अनेक पोर्ट काढणाऱ्या जोडावर होती. एका अरुंद बोळातून येणारे आणि जाणारे दोघेही. मग सहा तासांत ३१ टक्के हे गणित बरोबर जुळतं.

थोडक्यात, आधी वेग मोजा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन ती डिस्क निवडा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. रीड स्पीड ३०-४० एमबीवर सरळ रेषेत अडकलेला असेल, तर दोष केबल, पोर्ट किंवा हबचा. डिस्क बरीचशी रिकामटेकडी दिसतेय आणि प्रोसेसर मात्र राबतोय, तर बहुतेक अँटिव्हायरस सापडलेली प्रत्येक फाइल उघडून तपासतोय. ज्या फोल्डरात फायली उतरताहेत तेवढं फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा. आणि वेग मध्येच १००, मध्येच शून्य, अ‍ॅक्टिव्ह टाइम मात्र सतत १०० टक्के आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंदांत गेलेला दिसला, तर स्कॅन तिथल्या तिथे थांबवा. ही डिस्क आजारी आहे. एकेक खराब सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचा छोटा कप्पा, ती पुन्हा पुन्हा वाचायला बघतेय आणि त्या झटापटीत आणखी खराब होतेय.

खात्री करायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि स्मार्ट, म्हणजे डिस्कने स्वतः ठेवलेल्या नोंदी, यातल्या दोन ओळी बघा: रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे बाद करून बदललेले आणि नीट वाचता न येणारे. पेंडिंगचा आकडा शून्यापेक्षा जास्त असेल, तर कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट त्या डिस्कवर चालवू नका. विंडोजचं चेकडिस्क तर नाहीच नाही, दुरुस्ती करताना ते डिस्कवर लिहितं. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वीज काढा आणि ती जाणकार लॅबकडे द्या. तिथे आपला उद्योग नको.

आजारी डिस्कसाठी लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून) डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर चालवायचं. ते डिस्कची सेक्टरन्‌सेक्टर प्रत, म्हणजे इमेज काढतं. त्याची खुबी अशी की जिथे अडेल तिथे ते हटून बसत नाही. तो भाग मॅप फाइलमध्ये टिपून पुढे जातं, आधी सोपं सगळं उचलून घेतं आणि मग अवघडाकडे वळतं. पहिल्या फेरीत 'एन' हा पर्याय द्या, म्हणजे खराब जागा खरवडत बसायचा टप्पा ते सोडून देतं. मॅप फाइल जपली की मध्येच थांबवून, डिस्क गार करून पुढे चालू करता येतं. माझ्या स्वतःच्या ५०० जीबीच्या जुन्या डिस्कची ४९६ जीबी एका संध्याकाळी आली, आणि उरलेल्या चारासाठी मी दोन रात्री घालवल्या. त्यात कामाचं काहीही निघालं नाही. तेव्हापासून पहिल्या फेरीनंतर जे हाती आलं त्यातच आधी शोधते. दोन सूचना: इमेज ठेवायची डिस्क फॅट३२ या जुन्या प्रकारात फॉरमॅट केलेली नको, तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आणि आज्ञा देताना कुठली डिस्क मूळ आणि कुठली लक्ष्य, हे मोठ्याने वाचून मगच एंटर दाबा.

भाऊजींची डिस्क ठणठणीत होती. केबल बदलली, अँटिव्हायरसला सांगितलं, तरी एक गोष्ट उरली होती: ते सॉफ्टवेअरकडे सगळंच मागत होते. फोटोरेक हे फायली त्यांच्या आतल्या खुणांवरून शोधणारं सॉफ्टवेअर घ्या, ते ४८० पेक्षा जास्त एक्स्टेन्शन ओळखतं आणि ठरावीक प्रकार सोडले तर ते सगळे धुंडाळतं. फाइल ऑप्टमध्ये जाऊन सगळ्या खुणा काढल्या आणि फक्त जेपीजी आणि व्हिडिओचा प्रकार ठेवला, की कामही हलकं होतं आणि हजारो फालतू आयकॉन, टेक्स्टचे तुकडे उपसावे लागत नाहीत. ब्रूट फोर्सचा पर्याय बंदच ठेवा, तो फार वेळखाऊ आहे.

पण तेही दुसऱ्या पायरीवर. क्विक फॉरमॅट नवी अनुक्रमणिका मांडतो, आतली पानं फाडत नाही. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये, प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबलात असते, आणि फॉरमॅटनंतर सुरुवातीच्या थोड्याच नोंदींवर नव्या नोंदी बसतात. म्हणून आधी डीएमडीईसारखं, जुन्या नोंदी शोधणारं साधन लावा. जुनी फोल्डरं नावानिशी दिसू लागली की उरलेला स्कॅन थांबवायला हरकत नाही. हवं ते फोल्डर निवडून थेट दुसऱ्या डिस्कवर उतरवा. त्याच डिस्कवर कधीही नाही. एक तर आपणच आपल्या फायली पुसतो, आणि डिस्कचं हेड वाचायला इकडे, लिहायला तिकडे धावून अर्धमेलं होतं.

हे सगळं क्विक फॉरमॅटचं. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो. तो झाला असेल तर वेग वाढवून उपयोग नाही. एसएसडीवर ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा आतून रिकामी करायची सोय, चालू असेल तर क्विक फॉरमॅटनंतरही सहसा काही हाती लागत नाही.

ताईची फोल्डरं नावासकट आली, एकच सोडून. त्यातले फोटो फोटोरेकने काढले, आणि ते एफ आणि पुढे सेक्टरचा लांबलचक आकडा अशा नावांनी आले. एक्झिफटूल नावाच्या सॉफ्टवेअरने फोटोतली तारीख वाचून नावं बदलता येतात हे मी भाऊजींना सांगितलं. त्यांनी नको म्हटलं. ताई रोज जेवण झाल्यावर बसून एकेक उघडतेय.